स्वनियमन आणि भांडण-निवारण (बालवय)

राग, उतावीळपणा, हिसकावण्याची ऊर्मी आवरून क्षणभर थांबता येणे म्हणजे स्वनियमन. आवेगाला लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत पक्व होत राहतो. त्यामुळे ३ वर्षांचे मूल खेळणे ओढून घेते तेव्हा त्याला वाईट वळण लागले असे समजणे चूक आहे. आधी ते मोठ्यांच्या शांतपणाच्या आधाराने शांत होते. याला सहनियमन म्हणतात. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ ल्येव विगोत्स्की (१८९६–१९३४) यांच्या मांडणीनुसार मोठ्यांचे शब्द मूल प्रथम स्वतःशी पुटपुटते, मग मनातल्या मनात वापरू लागते. म्हणून ‘हळू, सांडेल’ असे पुटपुटणाऱ्या मुलाला गप्प बसवू नये.

भांडण सोडवण्यासाठी अमेरिकेतील हायस्कोप या बालशिक्षण संस्थेची सहा पायऱ्यांची पद्धत बालवाड्यांत वापरली जाते. मोठ्याने शांतपणे जवळ जाऊन, मुलांच्या डोळ्यांच्या पातळीवर बसून मारणे-चावणे थांबवायचे. वस्तू ‘तोवर माझ्याकडे राहील’ असे सांगून स्वतःच्या हातात घ्यावी. ती एकाच्या हाती राहिली तर दुसऱ्याचे लक्ष तिच्यावरून हटत नाही. मग भावनांना नाव द्यायचे: ‘तुला खूप राग आलाय.’ सगळ्यात जास्त वेळ इथे लागतो, आणि लागू द्यावा. हुंदके थांबण्याआधी विचारलेले प्रश्न मुलाच्या कानावरून जातात. त्यानंतर दोघांना आळीपाळीने ‘काय झालं?’ असे विचारावे, ‘का केलंस?’ म्हटले की मूल सबबी शोधते. ऐकलेले थोडक्यात परत सांगायचे: ‘गाडी एकच, हवी दोघांना.’ उपाय मुलांनाच विचारायचा. मोठ्यांना तो असमान वाटला, तरी दोघांना मान्य आणि सुरक्षित असेल तर चालू द्यावा. पाळी ठरल्यास वाळूचे घड्याळ उपयोगी पडते. शेवटची पायरी, म्हणजे थोड्या वेळाने परत येऊन ठरलेले चालले आहे का ते पाहणे, हमखास राहून जाते आणि तेच भांडण पुन्हा पेटते.

२ वर्षांखालील मुलांकडून वाटाघाटीची अपेक्षा धरू नये. तशीच दुसरी वस्तू देणे किंवा लक्ष वळवणे पुरते. भूक किंवा झोप आली असेल तर आधी ती भागवावी.

जबरदस्तीच्या ‘सॉरी’ने मूल शब्द शिकते, दुसऱ्याचे दुखणे त्याला कळत नाही. त्याऐवजी ‘तिला आता काय केलं तर बरं वाटेल?’ असे विचारावे. सावकाश, लांब श्वास सोडणे रागाच्या भरात शिकवता येत नाही. साबणाचे फुगे फुंकताना, मूल खुशीत असताना रोज सराव झाला असेल, तरच ते ऐनवेळी आठवते.