कडीपाटाच्या कडीत भोक पाडायचंय? बिट घेण्याआधी हे वाचा

जुन्या वाड्याचं, कौलारू घराचं वायरिंग नवीन करायला घेतलं की लोक दुकानात येऊन सरळ म्हणतात, बावीसचं (22 मिमीचं) बिट द्या. देतो की, पण आधी आम्ही तीन गोष्टी विचारतो, लाकूड कुठलं, कडी किती जाड आणि दोन कड्यांच्या मधे जागा किती, आणि त्यावर काही जण वैतागतात पण.

पहिलं म्हणजे भिंतीचं बिट लाकडाला लावू नका आणि मशीन हॅमरवर, म्हणजे ठोके देत फिरणाऱ्या सेटिंगवर, असेल तर ते आधी बंद करा. हॅमरवर लाकडाला भोक पडत नाही, नुसता धूर निघतो.

दोन-चार भोकंच पाडायची असतील तर फ्लॅट बिट (चपट्या पात्याचं, मधे टोक असलेलं) घ्या, स्वस्त आहे आणि चालतं. फक्त पलीकडून टोक दिसलं की थांबायचं आणि उरलेलं भोक दुसऱ्या बाजूनं पाडायचं, नाहीतर शेवटच्या क्षणी ही मोठी ढलपी उडते आणि मग ती रंगवून लपत नाही. ओळीनं दहा-पंधरा कड्या असतील तर मात्र ऑगर बिटच घ्या. त्याच्या टोकाला स्क्रूसारखे आटे असतात, ते बिटाला आपोआप आत ओढतात, जुन्या गिरमिटासारखंच, आपण दाबायचं नाही. स्पीड कमी ठेवा आणि मशीनचं साइड हँडल लावलंच पाहिजे, कारण बिट मधेच अडकलं तर मशीन फिरतं आणि मनगट पिरगळतं.

ऑगरचा वैरी म्हणजे जुना खिळा. मी स्वतः घरच्या माळ्याला भोक पाडताना नवं कोरं बिट खिळ्यावर घातलंय, टोकाचे आटे सपाट झाले, मग ते ओढेचना. तेव्हापासून आधी लोहचुंबक फिरवून बघतो. सागामधे सिलिका असते, त्यामुळे धार तशीही लवकर जाते. धार लावायची तर बारीक कानशीनं आतल्या बाजूनंच, बाहेरून घासलं तर बिटाचा घेरच कमी होतो आणि ते भोकात अडकायला लागतं.

कड्या जवळजवळ असतील तर मशीन अधिक बिट आत मावतच नाही, मग लोक तिरकं धरतात आणि वायरिंगचा पाइप काही सरळ जात नाही. त्याला अँगल अटॅचमेंट (बिट काटकोनात धरणारा जोड) आणि आखूड बिट लागतं. जागा टेपनं मोजून या, वितीनं नको.

आता माप. 20 मिमीच्या पाइपला 22 चं भोक, 25 च्या पाइपला 28 चं. पण ब्रिटनमधे एक नियम पाळतात तो आम्हाला पटतो, भोक कडीच्या उंचीच्या पाव भागापेक्षा मोठं नको, म्हणजे 4 इंची कडीत 25 मिमीच्या वर नाही, तिथे 28 चं मागू नका, दोन लहान पाइप टाका. भोक उंचीच्या बरोबर मध्यावर घ्यायचं कारण ताण वर आणि खाली जास्त असतो. कडी 10 फुटी असेल तर भिंतीपासून अडीच ते 4 फुटांच्या पट्ट्यात. दोन भोकांमधे भोकाच्या तिप्पट तरी अंतर. वरून खाच मारून पाइप बसवणं सोपं वाटतं, पण कडी तिथेच कमजोर होते.

तुळईला, म्हणजे कड्या जिच्यावर टेकतात त्या जाड लाकडाला, मात्र इंजिनिअरला दाखवल्याशिवाय हात लावू नका, पाइप बाहेरून क्लिपवर घ्या. आणि पहिल्या भोकातून सुरळ्यांऐवजी पिठासारखी भुकटी किंवा माती आली तर मशीन बंद करा, वाळवी नाहीतर भुंगेरा लागलाय, बिट परत आणून द्या, वापरलेलं असलं तरी घेऊ.