मिथेन करणारी जोडगोळी आणि सरकारचे पाच टक्के

शहरांत गॅस विकणाऱ्या कंपन्यांवर २०२५-२६ पासून एक नवं बंधन आलं आहे. वाहनांचा सीएनजी आणि घरोघरी येणारा पाइपगॅस मिळून जेवढी विक्री होईल, तिच्या १ टक्का गॅस सेंद्रिय कचऱ्यापासून बनलेला हवा. त्याच्या पुढच्या वर्षी ३, मग ४ आणि २०२८-२९ पासून ५ टक्के. सरकारी भाषेत या गॅसला सीबीजी, म्हणजे कॉम्प्रेस्ड बायोगॅस म्हणतात. आहे तो बायोगॅसच, फक्त त्यातला कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड काढून, मिथेन ९० टक्क्यांच्या वर नेऊन, दाबाखाली भरलेला.

बातमी आली तसे ‘आता गाड्या शेणावर धावणार’ असे संदेश फिरू लागले आणि पाठोपाठ गोमयाच्या दिव्य शक्तीचेही. तर शेणाबद्दल आधी सांगून टाकतो. चाऱ्यातला पचायला सोपा भाग गाईने स्वतःच पचवलेला असतो, त्यातला काही मिथेन तिच्या ढेकरांवाटे हवेतही गेलेला असतो. आपल्या हाती येतो तो चोथा. म्हणून एक घनमीटर गॅसला साधारण २५ किलो शेण लागतं. शिळा भात किंवा सडकी फळं किलोमागे याच्या कितीतरी पट गॅस देतात. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी खरकट्यावर चालणारं घरगुती संयंत्र केलं ते याच जोरावर. शेणाचा मोठा उपयोग वेगळा आहे. बायोगॅसची नवी टाकी सुरू करायला लागणारे, कचऱ्यापासून गॅस करणारे सूक्ष्मजीव त्यात आयते मिळतात.

सरकारी उत्साह काही आजचा नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘सतत’ योजना आली, तेव्हा २०२३ पर्यंत ५००० प्रकल्प आणि वर्षाला दीड कोटी टन गॅस असं उद्दिष्ट होतं. तेल कंपन्या ठरलेल्या भावाने गॅस विकत घेणार, ही हमीही होती. मुदत संपली तेव्हा चालू प्रकल्प शंभराच्या आतच होते. कर्ज मिळत नाही, गॅस निघाल्यावर टाकीत उरणाऱ्या खताला गिऱ्हाईक नाही, ही कारणं सांगितली जातात आणि ती खरी आहेत. मला मात्र अडचणीचं मूळ टाकीच्या आत दिसतं.

टाकीत काम चार टप्प्यांत चालतं. पहिल्या टप्प्यातले जिवाणू स्टार्च, सेल्युलोज, प्रथिनं तोडतात. दुसऱ्यातले त्या तुकड्यांपासून प्रोपिऑनिक, ब्युटिरिक, असेटिक अशी आम्लं करतात. ही मंडळी चपळ, काही तासांत दुप्पट होणारी. शेवटच्या टप्प्यातले मिथेनजनक, म्हणजे मिथेन करणारे सूक्ष्मजीव, मुळात जिवाणूच नव्हेत. ते आर्किया या वेगळ्याच शाखेतले, हे १९७७ मध्ये कार्ल वूझ यांनी दाखवलं. असेटिक आम्लापासून, किंवा हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडपासून ते मिथेन बनवतात. त्यांची वाढ संथ.

खरी गंमत तिसऱ्या टप्प्यात आहे. तिथे प्रोपिऑनिक आम्लाचं असेटिक आम्ल होतं आणि हायड्रोजन सुटतो. प्रमाण परिस्थितीत या अभिक्रियेला मोलमागे सुमारे ७६ किलोज्यूल ऊर्जा वरून द्यावी लागते. म्हणजे कागदावर ती आपणहून घडायला नको, तिच्यावर कुणाचं पोट भरणं तर दूरच. तरी ती घडते, कारण ऊर्जेचा हिशेब तयार होणारा माल किती साठला आहे यावरही ठरतो. हायड्रोजनचा आंशिक दाब, म्हणजे वायूंच्या मिश्रणात त्याच्या एकट्याच्या वाट्याचा दाब, वातावरणाच्या दाबाच्या दहा हजाराव्या भागाच्याही खाली राहिला, तर हिशेबातलं चिन्ह उलटतं आणि ऊर्जा मिळू लागते. दाब इतका खाली ठेवतात शेजारचे मिथेनजनक, हायड्रोजन सुटताक्षणी खाऊन. उष्टी पानं उचलणारे थांबले तर पुढची पंगत बसत नाही, तसं हे आहे.

ही भागीदारी इतकी घट्ट असते की ती शास्त्रज्ञांनाही दिसली नव्हती. ‘मेथॅनोबॅसिलस ओमेलियान्स्की’ हा अल्कोहोलपासून मिथेन करणारा एकच जीव, असं अनेक वर्षं मानलं जात होतं. १९६७ मध्ये ब्रायंट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ते दोघं आहेत. एक अल्कोहोलमधून हायड्रोजन सोडतो, दुसरा तो खातो. एकटा ठेवला की पहिल्याचं अल्कोहोलवर फारसं भागत नाही.

आता अशा टाकीत एके दिवशी मंडईचा कचरा दुप्पट ओतला तर? चपळ मंडळी भराभर आम्ल करतात, मिथेनजनक मागे पडतात, हायड्रोजन साठतो, तिसरा टप्पा ठप्प होतो. सामू (पीएच) साडेसहाच्या खाली गेला की सातच्या आसपास रमणारे मिथेनजनक आणखी मंदावतात. टाकी आंबते. गॅस येत राहतो, पण त्यात कार्बन डायऑक्साइड वाढलेला असतो, ज्योत टिकत नाही, स्लरीला, म्हणजे टाकीतल्या रबडीला, उग्र आंबूस वास येतो. मग भरणं बंद करायचं, चुना घालायचा आणि वाट पाहायची, कधीकधी कित्येक आठवडे. ‘दसपट गॅस’ देणाऱ्या कल्चरच्या (सूक्ष्मजीवांच्या विरजणाच्या) पुड्या विकणाऱ्यांना एवढंच विचारावं की साखरेतल्या ऊर्जेपैकी जवळपास नऊ दशांश आधीच मिथेनमध्ये जाते, तर दसपट येणार कुठून?

म्हणजे टाकीला रोज तेच अन्न, बेताने आणि प्लॅस्टिकविना हवं. इंदूरचा ५५० टन क्षमतेचा प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला तो तिथे ओला कचरा घरातच वेगळा होतो या भरवशावर. आपल्याकडे घंटागाडीत ओलं-सुकं दोन कप्प्यांत पडतं आणि पुढे एका ढिगात जातं, हे अनेक ठिकाणी रोज दिसतं. धोरणाने गॅसला भाव दिला, खताला टनामागे १५०० रुपये दिले, पेंढा गोळा करणाऱ्या यंत्रांनाही मदत दिली. हे चांगलंच झालं. पण नीट वेगळ्या केलेल्या ओल्या कचऱ्याला जोवर भाव नाही, तोवर टक्केवारी गाठणं अवघड आहे.

महाराष्ट्रात भिस्त आहे ती साखर कारखान्यांच्या प्रेसमडवर, म्हणजे उसाचा रस गाळून उरणाऱ्या गाळावर. माल उत्तम, एकजिनसी, एकाच जागी मिळणारा. मात्र गाळप वर्षातले चार-पाच महिनेच चालतं, आणि उघड्यावर रचलेला प्रेसमड आतून तापतो. त्याच्यातला सेंद्रिय भाग हवेतच जळत राहतो. मार्चमध्ये टनाला मिळणारा गॅस ऑगस्टमध्ये मिळत नाही. पावसाळ्यात टाकीला काय घालायचं, हे सिमेंट ओतण्याआधीच ठरलेलं बरं.