ब्रेकचा निरोप आधी

तळहातावर लांब दांड्याचा झाडू उभा तोलून पाहा. थोड्या सरावाने जमतं. आता तेच पेन्सिलीवर करा. पेन्सिल झाडूपेक्षा फार लवकर कलते, पण डोळ्यांनी पाहिलेलं हातापर्यंत पोहोचायला वेळ तेवढाच लागतो, म्हणून ती पडते. किती उशीर चालेल, हे तोलायच्या वस्तूवर ठरतं. यंत्रांच्या नियंत्रणाचंही तसंच आहे.

पूर्वी मोटारीत जवळपास प्रत्येक जोडणीसाठी वेगळी वायर असे. इलेक्ट्रॉनिक्स वाढलं तसा वायरिंगचा पसाराही वाढला. १९८६ साली जर्मनीच्या बॉश कंपनीने ‘कॅन बस’ मांडली: इंजिन, ब्रेक, गिअर, डॅशबोर्ड अशा अनेकांसाठी एकमेकींत पिळलेल्या दोन तारांची सामायिक वाट.

पण दोघं एकदम बोलू लागले तर? कॅनमध्ये प्रत्येक निरोपाला क्रमांक असतो. क्रमांक लहान तेवढा मान मोठा. बोलणारे आपला क्रमांक एकेक बिट, म्हणजे एकेक शून्य किंवा एक, करून तारेवर ठेवतात आणि त्याच वेळी तार ऐकतही राहतात. शून्य आणि एक एकदम आले तर तारेवर शून्यच उमटतो. स्वतः एक पाठवून शून्य ऐकणारा तिथल्या तिथे गप्प बसतो. जिंकणाऱ्याचा निरोप जराही न बिघडता पुढे जातो, आणि निवाड्यात क्षणही वाया जात नाही. इतकी देखणी युक्ती मी अभियांत्रिकीत क्वचितच पाहिली आहे.

तरी थांबणं पूर्ण टळत नाही, कारण निघालेला निरोप मध्येच तोडता येत नाही. ११ बिटांचा क्रमांक असलेल्या साध्या कॅनमधला सर्वात लांब निरोप १३५ बिटांचा. सेकंदाला ५ लाख बिट या वेगाने तो २७० मायक्रोसेकंद तार अडवतो. ब्रेकचा क्रमांक सर्वात लहान असेल, तर इतरांच्या निरोपापायी त्याला यापेक्षा जास्त थांबावं लागत नाही. सरासरी वेग कितीही चांगला असला तरी इथे त्याचा उपयोग नाही. सर्वात वाईट घटकेला किती उशीर होईल, हे आधीच ठाऊक हवं.

मोठ्या क्रमांकाचे निरोप मात्र तारेवर गर्दी झाली की ताटकळतात. म्हणून क्रमांक वाटताना पाहायचं ते हेच, की कोणाला किती उशीर सोसतो. इंधनाचा काटा सेकंदभर मागे राहिला तरी बिघडत नाही. टाकी काही पेन्सिलीसारखी कलत नाही.