पार्श्वभूमी : ‘पासथ्रू’ म्हणजे नेमकं काय दिलं?

डिसेंबर २०२३ मध्ये ईएसएक्सआयचे, म्हणजे एका सर्व्हरवर अनेक आभासी संगणक (व्हीएम) चालवणाऱ्या व्हीएमवेअरच्या सॉफ्टवेअरचे, कायमस्वरूपी परवाने विकणं बंद झालं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये फुकट आवृत्तीही गेली. (एप्रिल २०२५ मध्ये ती परत आली, पण तोवर बऱ्याच जणांनी बिऱ्हाड हलवलं होतं.) लातूर-नांदेडकडच्या पतसंस्था, कॉलेजच्या लॅब, जिनिंगचे हिशेब ठेवणारे छोटे सर्व्हर यांतले कितीतरी प्रॉक्समॉक्सवर (तसंच काम करणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरवर) जाताना मी पाहिले. या हलवाहलवीत एक वाक्य हमखास कानावर येतं, “डिस्क पासथ्रू करून द्या,” म्हणजे खरी डिस्क थेट व्हीएमच्या हातात द्या. घोळ तिथूनच सुरू होतो, कारण या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी नांदतात.

कल्पना तशी जुनी. आयबीएमच्या १९७२ च्या व्हीएम/३७० मध्येच मेनफ्रेमच्या डिस्कचे तुकडे ‘मिनिडिस्क’ म्हणून वाटता यायचे, नाहीतर अख्खं उपकरण एकाच व्हीएमच्या नावे लावता यायचं. पीसी-सर्व्हरवर ती ईएसएक्समधल्या (ईएसएक्सआयच्या आधीच्या रूपातल्या) आरडीएमच्या, म्हणजे ‘रॉ डिव्हाइस मॅपिंग’च्या, रूपाने रुळली. व्हीएमवेअरच्या व्हीएमएफएस फाइल सिस्टिमवर एक छोटी मॅपिंग फाइल आणि तिचं बोट सॅनवरच्या (नेटवर्कवरच्या साठ्यातल्या) लनकडे, म्हणजे तिथल्या एका डिस्क-तुकड्याकडे. फिजिकल मोडमध्ये एक कमांड सोडली तर बाकी सगळ्या एससीएसआय (डिस्कशी बोलण्याच्या) कमांड खालपर्यंत जशाच्या तशा जात. २०११ च्या पाचव्या आवृत्तीत याच मोडची २ टीबीची मर्यादा उठून ६४ टीबी झाली. आरडीएमचं नाव निदान प्रामाणिक होतं. मॅपिंग म्हणजे मॅपिंग, कुणी त्याला मालकी म्हटलं नाही.

प्रॉक्समॉक्सवर मात्र ‘क्यूएम सेट’ची एक ओळ मारून डिस्कचा पत्ता व्हीएमला जोडला, तरी लोक त्याला पासथ्रूच म्हणतात. (पत्ता सीरियल नंबरवाला लांबलचक द्यावा. नुसतं एसडीबी लिहिलं तर रीबूटनंतर तीच डिस्क एसडीसी होऊन बसू शकते.) यात डिस्क खरी असते, पण व्हीएमला दिसणारा कंट्रोलर (डिस्क चालवणारं सर्किट) खोटा असतो. गेस्टमध्ये, म्हणजे व्हीएमच्या आत, डिस्कचं नाव ‘क्यूईएमयू हार्डडिस्क’ असं येतं आणि स्मार्टचे (डिस्कच्या तब्येतीचे) आकडे मिळत नाहीत. ही झाली बटईनं दिलेली जमीन. पीक तुमचं, सातबारा होस्टच्याच, म्हणजे मूळ मशीनच्याच, नावावर.

सातबारा बदलायचा तर कंट्रोलरच द्यावा लागतो. लिनक्समध्ये हे २०१२ च्या ३.६ कर्नलमधल्या व्हीएफआयओने सुरक्षितपणे जमू लागलं. कंट्रोलरचं कार्ड थेट गेस्टच्या मेमरीत लिहितं, आणि ते दुसऱ्याच्या मेमरीत घुसणार नाही याची राखण आयओएमएमयू हे हार्डवेअर करतं. बदल्यात त्या व्हीएमची सगळी रॅम जागेवर खिळून राहते. चालू व्हीएम दुसऱ्या होस्टवर नेता येत नाही, त्या डिस्कांचा स्नॅपशॉटही होस्टला घेता येत नाही. शिवाय हार्डवेअरची साथ लागते. २०११ च्या महागड्या ‘के’ प्रोसेसरमध्ये, म्हणजे २६००के मध्ये, व्हीटी-डी (इंटेलचं आयओएमएमयू) नव्हतं आणि साध्या २६०० मध्ये होतं. जादा पैसे मोजून कमी मिळाल्याचं हे दुर्मीळ उदाहरण. डेस्कटॉप बोर्डावर साटा कंट्रोलर इतर उपकरणांसोबत एकाच आयओएमएमयू गटात अडकतो, तेव्हा एसीएस ओव्हरराइडचा (गट जबरदस्तीने वेगळे दाखवणारा) पॅच वापरतात. मूळ कर्नलने तो कधी स्वीकारला नाही, प्रॉक्समॉक्सच्या कर्नलमध्ये तो असतो. माझ्या मते कामाच्या सर्व्हरवर त्याला हात लावू नये.

आमच्याकडे या फरकाची किंमत लाइट गेल्यावर कळते. झेडएफएसला (डेटाची काटेकोर काळजी घेणाऱ्या फाइल सिस्टिमला) फक्त एवढं हवं असतं, की ‘लिहिलं’ असं उत्तर आलं तर ते खरंच लिहिलेलं असावं. जुन्या रेड कार्डवर (अनेक डिस्क एकत्र बांधणाऱ्या कार्डवर) एकेक डिस्क वेगळी ‘रेड ०’ करून देण्याचा जुगाड सर्रास चालतो. मध्ये कार्डाची कॅश, तिची बॅटरी केव्हाच मेलेली, यूपीएस दहा मिनिटांचा आणि लोडशेडिंग तासांचं. पुढे कार्डच गेलं तर डिस्कवरची मांडणी त्या जातीच्या कार्डालाच कळते. म्हणून ९२११-८आयसारख्या कार्डावर आयआर (रेड करणारं) काढून आयटी (डिस्क जशाच्या तशा दाखवणारं) फर्मवेअर चढवायचं आणि अख्खं कार्ड व्हीएमला द्यायचं, ही रीत पडली. काही जण अजूनही म्हणतात, मॅपिंगवर आमचं भागतं. भागतंही, डिस्क कुरकुरायला लागेपर्यंत.

एनव्हीएमई या एसएसडींच्या नव्या जोडणीने हा वाद जवळपास मिटवला. मार्च २०११ च्या त्या मानकातली डिस्क स्वतःचा कंट्रोलर अंगावर घेऊनच येते, त्यामुळे डिस्क दिली की कंट्रोलरही आपोआप दिला जातो. पण हैदराबादहून नांदेडला उतरलेल्या सेकंडहँड सर्व्हरच्या पुढच्या आठ खणांत सॅसच (एका कार्डावर अनेक डिस्क लावण्याची जुनी जोडणी) असतं. तिथे कार्ड दिलं की आठही डिस्क एकदम जातात, आणि होस्टचं बूट त्याच कार्डावर असेल तर तेही गेलं. म्हणून अशा मशीनवर पहिलं काम ठरलेलं असतं, होस्टचं बूट मदरबोर्डच्या साटा पोर्टवरच्या एका छोट्या एसएसडीवर हलवणं.