लिलावात घेतलेली भेटवस्तू वेळेत पोचली नाही तर

परदेशातल्या ऑनलाइन लिलावात आम्ही तुमच्या वतीने बोली लावतो. पार्सल तुमच्या नावाने येतं. जुनी फाउंटन पेनं, मनगटी घड्याळं, कॅमेऱ्याच्या लेन्स. यातलं बरंचसं कुणाच्या तरी साठीशांतीला नाहीतर पाडव्याला द्यायचं असतं, म्हणजे तारीख हलत नाही. आणि तसंच दुसरं पेन ऐनवेळी लक्ष्मी रोडवर मिळत नाही.

टपालाने मागवायचं असेल तर किमान सहा आठवडे हाताशी ठेवा, खासगी कुरिअरने तीन. विक्रेत्याचे पाठवणीचे दिवस पैसे जमा झाल्यावर सुरू होतात आणि त्यात सुट्ट्या धरत नाहीत. जपानी विक्रेता असेल तर एप्रिलअखेरचा गोल्डन वीक आणि ऑगस्टच्या मध्याचा ओबोन या तिकडच्या सलग सुट्ट्या आधी कॅलेंडरवर बघा.

विक्रेत्याला कस्टम्सच्या लेबलावर ‘गिफ्ट’ लिहायला सांगू नका. ड्यूटी, म्हणजे आयात कर, वाचेल असं अनेकांना वाटतं, पण होतं उलटंच. डिसेंबर २०१९ पासून राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून कोणतीही वस्तू ‘भेट’ म्हणून ड्यूटी न भरता सोडवता येत नाही. शिवाय आत लिलावाचं बिल आणि बाहेर ‘गिफ्ट’ असं दिसलं की पार्सल बाजूला पडतं. वस्तूचं नेमकं नाव, ‘वापरलेली’ हा शब्द आणि खरी किंमत, एवढं लेबलावर पुरतं.

पत्ता स्वतःचाच द्या. कुरिअर कंपनी केवायसी मागते आणि नाव पार्सलवरच्या नावाशी जुळावं लागतं. टपालाने आलं तर ड्यूटी पोस्टमन दारात घेतो. ज्यांना भेट द्यायची त्यांच्याकडेच पैसे मागितले गेले, तर काय शोभा!

टपालाचा ट्रॅकिंग नंबर १३ खुणांचा असतो: दोन अक्षरं, नऊ आकडे, शेवटी देशाची दोन अक्षरं, जपानचं ‘जेपी’. तोच नंबर भारतीय टपालाच्या साइटवरही चालतो. तिकडून पार्सल निघाल्याची नोंद आणि इथल्या फॉरेन पोस्ट ऑफिसातली (परदेशी टपाल जिथे कस्टम्ससाठी उतरतं तिथली) पहिली नोंद यांच्यामध्ये बरेच दिवस काहीच दिसत नाही. तेवढ्याने पार्सल हरवलं असं होत नाही. काळजी करायची ती ‘लेबल क्रिएटेड’वर अडकलेल्या पार्सलची: नंबर छापलाय, खोकं अजून विक्रेत्याच्या टेबलावर आहे. कामाचे चार दिवस असंच राहिलं तर आम्ही विक्रेत्याला लिहितो, तेही लिलावाच्या साइटवरूनच. व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं पैसे परत मागण्याच्या दाव्यात फारसं कामाला येत नाही.

दाव्याची मुदत मात्र डोळ्यांत तेल घालून सांभाळावी लागते. ईबे या लिलावाच्या साइटवर, पोचण्याची जी शेवटची अंदाजित तारीख दिलेली असते तिच्यापासून ३० दिवस. पेपाल या ऑनलाइन पैसे भरायच्या सेवेवर पैसे दिल्यापासून १८० दिवस. ‘अजून एक आठवडा थांबा’ असं तीन-चारदा ऐकलं की ईबेची मुदत संपलेली असते. म्हणून त्या अंदाजित तारखेनंतर विसाव्या दिवशी आम्ही दावा टाकतोच, विक्रेता कितीही गोड बोलला तरी. पार्सल नंतर आलं तर दावा मागे घेता येतो; पैसे परत मिळाल्यावर आलं, तर ते विक्रेत्याला द्यायचे.

समारंभ तीन दिवसांवर आला आणि पार्सल कस्टम्समध्येच असेल, तर आम्हाला फोन करा. लिलावाच्या पानावरचे फोटो आम्ही बोली जिंकल्याच दिवशी उतरवून ठेवतो. त्यातला एक पोस्टकार्डाएवढा छापून, मागे वस्तूची माहिती लिहून देऊ. रिकाम्या डबीत तो ठेवून डबी द्या.