साडेचारची बस तुम्हाला ओढत नाही, अडवते

मुंबई मॅरेथॉन जवळ आली की रनर लोकांच्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच विषय, बस पकडायची की एकट्याने पळायचं. बस म्हणजे पेसरच्या, म्हणजे ठरलेल्या टायमिंगला फिनिश गाठायला सारख्या वेगाने पळणाऱ्या रनरच्या मागे पळणारा घोळका. पेसरकडे झेंडा असतो, त्यावर ४:३० (साडेचार तास) वगैरे टायमिंग लिहिलेलं असतं, आणि तो स्वतःच्या ताकदीपेक्षा बराच स्लो पळत असल्यामुळे गप्पा मारत, ओरडत, वेळेवर फिनिशला पोचतो. आता ह्या बसचा फायदा काय असं विचारलं की दहातले आठ जण सांगतात, पुढच्याच्या आडोशाने हवा लागत नाही ना, किपचोगेने नाही का केलं.

केलं, खरंय. १२ ऑक्टोबर २०१९ ला व्हिएन्नात केनियाचा मॅरेथॉनपटू एलियुड किपचोगे १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदात ४२.१९५ किमी पळाला तेव्हा त्याच्यासाठी ४१ पेसर आलटून पालटून आत-बाहेर करत होते, एका वेळी पाच जण पुढे आणि दोन मागे, आणि पुढची गाडी रस्त्यावर लेझरच्या रेषा मारत होती की बाबांनो इथेच पाय टाका. (म्हणूनच तो अधिकृत वर्ल्ड रेकॉर्ड धरत नाहीत.) ह्यामागचं सायन्स जुनं आहे. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेवर गेलेले ब्रिटिश फिजिऑलॉजिस्ट ग्रिफिथ प्यू, त्यांनी १९७१ मध्ये मोजून दाखवलं की सेकंदाला ६ मीटर वेगाने कोणाच्या मागे साधारण एक मीटरवर पळालं तर हवा कापायला लागणाऱ्या एनर्जीपैकी ८० टक्के वाचते, एकूण ऑक्सिजनचा खर्च ६ टक्क्यांच्या आसपास कमी होतो.

पण सेकंदाला ६ मीटर म्हणजे ताशी साडेएकवीस किमी हो! साडेचार तासांत फुल मॅरेथॉन करणारा माणूस ताशी ९.४ नी चाललेला असतो. किपचोगेचा वेग त्याच्या सव्वादोन पट, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो म्हणजे पाचपट, आणि तो विरोध कापायला लागणारी पॉवर घनाने, म्हणजे साडेअकरा पट. उलट बाजूने बघा, आपल्या वाट्याला येणारी हवेची बचत जवळजवळ चिल्लर. अपवाद एकच, समोरून वारा. सी लिंकवर ताशी १२ चा वारा तोंडावर आला तर आपल्या अंगाला लागणारी हवा २१ च्या पुढे जाते, तिथे खुशाल कोणातरी उंच माणसाच्या मागे लपावं. बाकी वेळी मुंबईत मला तर घोळक्याच्या मधोमध पळणं तोट्याचं वाटतं, कारण जानेवारीतसुद्धा हवा दमट, घाम वाळायला अंगावर वारा लागतो आणि बसच्या पोटात तोच मिळत नाही. कडेने पळा, झेंडा दिसला की झालं.

मग बस कशाला? पहिल्या दहा किलोमीटरसाठी.

४:३० साठी किलोमीटरला ६ मिनिटं २४ सेकंदाचा पेस लागतो. स्टार्टला काय होतं, आठवडाभर टेपरिंग केल्यामुळे, म्हणजे सराव कमी केल्यामुळे पाय ताजे, ढोल वाजतायत, अॅड्रिनलिन चढलेलं, ६:०० चा पेस पण चालल्यासारखा वाटतो आणि आपण म्हणतो चला, चार मिनिटं जमा करून ठेवू. इथे गडबड आहे. पळायला ढोबळमानाने दर किलो वजनाला दर किलोमीटरमागे एक कॅलरी लागते, म्हणजे ६५ किलोच्या माणसाला पूर्ण रेसला २७०० च्या वर. स्नायू आणि लिव्हर मिळून ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा साठा फार तर २००० कॅलरीच्या आसपास. उरलेलं फॅटमधून यायला पाहिजे, पण वेग वाढवला की शरीर फॅट सोडून साखरेवर जास्त हात मारतं. म्हणजे सुरुवातीला जमवलेली ती चार मिनिटं महागड्या इंधनावर जमवलेली असतात, आणि ते कळतं कधी, तर तीस-बत्तीस किमीला, जेव्हा पाय ऐकेनासे होतात आणि लोक म्हणतात वॉल लागली. तेव्हा किलोमीटरला दोन-दोन मिनिटं जादा जातात, चार मिनिटांचं काय घेऊन बसलात. पळताना खायचं साखरेचं जेल घेऊन थोडी भर पडते, पण पळताना पोट तासाला किती पचवेल ह्याला लिमिट आहे.

पेसर हेच थांबवतो. 'पुढे जाऊ नका, अजून खूप आहे' हे त्याचं ओरडणं म्हणजे खरं तर ग्लायकोजेन वाचवणं. शिवाय दर दोन मिनिटांनी घड्याळ बघून हिशोब करायची कटकट जाते. चांगला पेसर चढावर पेस नाही, एफर्ट सारखा ठेवतो. पेडर रोडचा चढ फुलवाल्यांना कित्येक वर्षं पस्तीस किमीच्या आसपास भेटत आलाय, ऊन वर आलेलं, घामाने रक्तातलं पाणी कमी झाल्यामुळे त्याच पेसला हार्ट रेट आपोआप वर गेलेला, तिथे ६:२४ चा हट्ट धरणारा पेसर मिळाला तर बस सोडून द्यावी, सरळ.

आता घड्याळाचं. कोर्स मोजतात तो सगळ्यात जवळच्या रेषेने, आपण मात्र वळणं बाहेरून घेतो, पाण्यासाठी आडवे जातो, उंच बिल्डिंगांमध्ये जीपीएस पण भरकटतं, त्यामुळे फिनिशला वॉचवर ४२.६ दिसलं तर नवल नाही. वॉचप्रमाणे बरोब्बर ६:२४ ठेवला तरी टायमिंग होतं ४:३२ च्या पुढे. पेसर म्हणून रस्त्यावरच्या किलोमीटरच्या पाट्या बघून चालतो.

आणि स्टार्टला गर्दीत झेंडा पुढे निघून गेला तर घाबरून स्प्रिंट मारू नका. तुमची वेळ मोजणारी चिप तुम्ही स्टार्ट लाइनच्या मॅटवर पाय ठेवल्यापासून मोजते. बस तुमच्या दोन मिनिटं आधी सुटली असेल आणि शेवटपर्यंत दोनच मिनिटं पुढे राहिली, तर तुमचं आणि तिचं टायमिंग सेम.