बास अँप आणि कॅबिनेट: ‘किमान 4 ओहम’ आले कुठून?

बास गिटारच्या हेडच्या, म्हणजे स्पीकर नसलेल्या अँपच्या, मागे कॅबिनेट (स्पीकरची पेटी) जोडायचे दोन जॅक असतात आणि शेजारी ‘किमान 4 ओहम’ एवढेच छापलेले असते. ओहम म्हणजे स्पीकर करंटला करतो तो विरोध. नव्याने बास हाती घेणाऱ्याला वाटते, हा नियम पूर्वापार चालत आला असेल. प्रत्यक्षात सुरुवातीच्या काळातल्या बासवाल्यांना जपावे लागे ते नेमक्या उलट गोष्टीला.

1951 मध्ये फेंडर कंपनीचा प्रिसिजन बास आला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या जोडीला बासमन अँप. स्पीकर त्याच पेटीत, कंपनीतूनच जोडलेला, त्यामुळे जुळवणीचा प्रश्न नव्हता. दशकाच्या अखेरीच्या बासमनमध्ये 8 ओहमचे चार दहा इंची स्पीकर समांतर होते, म्हणजे एकूण 2 ओहम, आणि आऊटपुट ट्रान्सफॉर्मरही त्याच हिशेबाने गुंडाळलेला होता. साठच्या दशकात हेड आणि कॅबिनेट वेगळे झाले. अँपेग कंपनीच्या 1969 च्या एसव्हीटी हेडची 300 वॅटची ताकद एका कॅबिनेटला झेपणारी नव्हती, म्हणून ते दोन कॅबिनेटवर चालवायचे. प्रत्येकात 32 ओहमचे आठ स्पीकर समांतर, म्हणजे 4 ओहम. दोन्ही मिळून 2.

व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) या हेडांना खरा धोका होता तो स्पीकरची वायर निघण्याचा. लोड, म्हणजे जोडलेला स्पीकर, नसताना जोरात वाजवले की ट्रान्सफॉर्मरमध्ये साठलेली ऊर्जा बाहेर पडायला वाट उरत नाही, त्याच्या प्रायमरीवर (व्हॉल्व्हकडच्या गुंडाळीवर) व्होल्टेज उसळते आणि व्हॉल्व्हच्या सॉकेटवर ठिणगी पडते किंवा ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन फुटते. म्हणून हेड चालू करण्याआधी कॅबिनेट जोडायचा, ही शिस्त त्या पिढीच्या अंगात मुरलेली होती.

ट्रान्झिस्टर आले आणि आऊटपुट ट्रान्सफॉर्मर गेला. आता वायर निघाली तर आवाज बंद होतो, बाकी काही बिघडत नाही. धोका दुसऱ्या टोकाला सरकला. ट्रान्झिस्टरचे हेड ठरावीक व्होल्टेज देते. ओहम निम्मे केले की करंट दुप्पट. तो करंट आऊटपुटच्या ट्रान्झिस्टरांतून जातो आणि ते तापतात. ‘किमान’ हा शब्द इथून आला.

ऐंशीच्या दशकात चार दहा इंची स्पीकर आणि वर ट्विटर अशी कॅबिनेट रुळली, वॅटची चढाओढ लागली, आणि त्याच काळात रूढ झालेल्या एका निर्णयाचा त्रास आजही होतो. कंपन्यांनी हेडची ताकद सर्वांत कमी ओहमवर मोजून जाहिरातीत छापायला सुरुवात केली. ‘500 वॅट’ लिहिलेले हेड ते 500 वॅट 4 ओहमवर देते. 8 ओहमचा एकच कॅबिनेट जोडला तर साधारण 300. ज्याच्याकडे एकच कॅबिनेट आहे त्याला आपण फसवले गेलो असे वाटते आणि तो 4 ओहमचा कॅबिनेट घेतो. पुढे जागा मोठी मिळाली, दुसरा तसाच कॅबिनेट आणला, की एकूण 2 ओहम. मागचे दोन्ही जॅक आतून समांतरच असतात. दोन भोके दिसली म्हणून दोन स्वतंत्र आऊटपुट मिळाले असे होत नाही. मग कार्यक्रमाच्या मध्यात हेड तापून बंद पडते, आणि संरक्षणाची सोय नसेल तर जळते.

कंपन्यांचे म्हणणे असे की आकडा खरा आहे आणि कोणत्या ओहमवर मोजला तेही छापलेले आहे. ते बरोबरच आहे, पण मोठा आकडा दर्शनी पानावर आणि ओहम बारीक अक्षरात, हे मला पटत नाही. कारण ज्यासाठी ही धडपड होते तो फरक कानाला जेमतेम कळतो: 300 वरून 500 वॅटवर गेल्यास वाढ होते साधारण 2 डेसिबलची. उलट 8 ओहमचाच दुसरा कॅबिनेट शेजारी ठेवला तर हेडची पूर्ण ताकद मिळते आणि हवा ढकलणारे कोन दुप्पट होतात. त्यामुळे एकूण वाढ 5 डेसिबलच्या आसपास जाते, आणि हेड मर्यादेच्या आत राहते. 8 ओहमचा आकडा आधी छापला असता तर कित्येक हेडे वाचली असती. एक 8 आणि एक 4 ओहमचा कॅबिनेट जोडल्यास एकूण 2.67 ओहम होतात, म्हणजे तेही किमान 4 च्या खालीच; शिवाय दोन तृतीयांश ताकद 4 ओहमवाला घेतो.

2000 नंतर क्लास डी, म्हणजे कमी तापणारे स्विचिंग पद्धतीचे अँप, आले आणि हेड हातात उचलण्याजोगे हलके झाले. त्यांतल्या काहींत आऊटपुटची दोन्ही टोके जिवंत असतात, ‘मायनस’ म्हणजे अर्थिंग नव्हे. जुन्या जॅकची उघडी दांडी दुसऱ्या यंत्राच्या बॉडीला टेकली तर शॉर्ट. पीएच्या (सभा-कार्यक्रमांच्या ध्वनियंत्रणेच्या) दुनियेत 1987 मध्ये आलेला स्पीकॉन हा स्पीकरचा जोड म्हणूनच बासच्या हेडावर स्थिरावला: आतले पत्रे हाताला लागत नाहीत, फिरवल्यावर अडकतो, आणि गिटारची वायर चुकून त्यात घुसत नाही. ती बारीक वायर स्पीकरला लावली तर ताकदीचा काही भाग वायरीतच खर्च होतो. मुंबई-पुण्यात भाड्याच्या बॅकलाइनवर (मंचावरच्या तयार अँपवर) वाजवताना ही चूक सर्वांत सहज होते, कारण दोन्ही वायरींना जॅक सारखाच असतो.

कॅबिनेटवरचे वॅट हा वेगळा हिशेब. तो आकडा कॉइल किती उष्णता सोसेल हे सांगतो. कोन किती पुढे-मागे हलू शकेल हे सांगत नाही. चार तारांच्या बासची जाड तार 41 हर्ट्झची, पाच तारांच्या बासची 31 हर्ट्झची. इतक्या खालच्या सुरांसाठी हेडवरचा ‘बास’ नॉब चढवला की 300 वॅटचा कॅबिनेट त्याच्या निम्म्याहून कमी ताकदीतही कोनाच्या मर्यादेला भिडू शकतो. ‘कमी वॅटचे हेड स्पीकर जाळते’ ही समजूत मात्र चुकीची. स्पीकर जळतो तो त्याला झेपेल त्याहून जास्त ताकद पोचल्यानेच.

अलीकडच्या काही हेडांवर 2 ओहमसाठी वेगळा स्विच असतो. सेकंडहँड कॅबिनेटच्या मागचे लेबल मात्र स्पीकर बदलला गेल्यावर निकामी होते. मल्टिमीटर जॅकवर लावला तर 8 ओहमचा कॅबिनेट साधारण 6 दाखवतो, 4 चा 3 च्या आसपास; लेबल 8 म्हणत असेल आणि मीटर 3, तर मीटरचे ऐकून हेड निवडावे.